सुरीचं घर

९ जानेवारी

संस्थेच्या माणसांना काही लाज असावी. एवढ्या पोरीबाळींच्या हातात धारदार सुऱ्या देतात आणि सुरी ठेवायला साधं कव्हर देत नाहीत. केंद्राच्या भिंतीवर मात्र पोरींचे हसरे फोटो, खाली बांबूचे दिवे, टोपल्या आणि पाहुण्यांची नावं.

माझी रीता त्या बांबू केंद्रात शिकवते. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलाला लागून केंद्र आहे. दिवाळीनंतर तिला तिथं लावून घेतलं. काल तिचा फोन आला. उजव्या तळहाताला सुरी लागली म्हणाली.

"कशी लागली?"

"लागली."

"बांबू सोलता सोलता?"

"हो. तसंच."

मला रागच आला. ही डावखुरी पोर लहानपणापासून सुरी चालवते. बापाबरोबर तलावावर बसून मासे साफ केले, शाळेत असताना बांबूच्या कमच्या काढल्या, कधी ओरखडा उमटला नाही. आता दुसऱ्यांना शिकवायला गेली आणि हात कापून घेतला! तसं मी बोलूनही टाकलं. ती म्हणाली, "आई, सुरीले घर पायजे."

आमच्याकडे असंच म्हणतात. चष्म्याचं घर, तसं सुरीचं घर. चामड्याचं असावं, प्लॅस्टिक टिकत नाही, असंही म्हणाली.

एक बरं आहे की गुणवंतराव तिथं आहेत. केंद्राचं सगळं तेच बघतात. माझ्या नवऱ्याच्या लांबच्या नात्यातले भाऊ. रीताला नोकरी त्यांनीच दिली आणि आपल्या घरामागची खोलीही दिली. हाताला मलम त्यांनीच आणून दिलं म्हणे. असा माणूस जवळ आहे म्हणून मला पोर इतक्या दूर ठेवून झोप लागते. रीताला त्याचं काही वाटत नाही. "मलम दिलं ना काकांनी?" विचारलं, तर "हो" म्हणून फोन ठेवला.

१२ जानेवारी

चामोर्शीचा बाजार सगळा पालथा घातला. प्लॅस्टिकचं कव्हर सगळीकडे आहे, चामड्याचं कुठं नाही. बाजाराच्या टोकाला इनायतभाईंचं दुकान आहे. पूर्वी ते बैलांचे पट्टे आणि कोयत्यांची घरं करायचे. आता चपला शिवतात आणि बॅगांना चेन बसवतात. मी सुरी दाखवली. ही घरी ठेवलेली जुनी सुरी, रीताकडे आहे तशीच.

"एक नगासाठी पूरा चमडा काटू?" इनायतभाई म्हणाले आणि पुन्हा चपलेत डोकं घातलं. मला असा संताप आला. मी काय फुकट मागत होते?

त्यांची बायको जाहिदाभाभी आत दोरा ओढत बसली होती. ती म्हणाली, "यांचे नखरे जाऊ द्या, कुंताबाई. तुमी खुदच बनवा ना. ब्लाउज शिवता नं? मग हे काय वेगळं आहे? छुरीची आस्तीन समजा, बाही."

इनायतभाई खाली बघूनच हसले. ते हसले म्हणून मी चामडं घेतलं. जाड, तांबूस, झाडाच्या सालीत कमावलेलं. ओलं केलं की वळतं आणि वाळलं की तसंच राहतं, असं भाभीनं सांगितलं. कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी तिनं उसनी दिली.

"आरी हातात घुसवून घ्याल तं माझ्यावर बिल नका फाडू," म्हणाली.

१४ जानेवारी

शेजारची गिरजाबाई कुंपणावरून बघत होती. मी ओट्यावर बसून चामडं कापत होते.

"हे काय वो कुंता? चामडं? अंगणवाडीची बाई ना तू? त्याच हातानं पोराईले खिचडी वाढशील?"

मी म्हटलं, "त्याच हातानं मी रोज माशाची आतडी काढतो. तवा तुमी वाटी घेऊन येता, कालवण मांगाले. तवा हात दिसत नाई काय?"

ती गेली. माझी रापी मात्र रागात सटकली आणि तुकडा वाकडा कापला गेला. शिवाय कापडासारखं माप धरून कापलं होतं. कापडाला जाडी नसते, चामड्याला असते, हे मला कोण सांगणार? दोन्ही बाजू जुळवून सुरी घातली तर ती अर्ध्यात अडकली.

इस्तारी बघत होता. घरात मी त्याचं नाव घेत नाही, इथं मात्र लिहिते. माझा नवरा इस्तारी बघत होता आणि म्हणाला, "रीताची माय, एवढं छोटं घर त झिंग्याले बी पुरत नाई."

सगळ्यांना हसू येतंय. मला नाही येत.

१९ जानेवारी

रीताचा फोन. तिच्या खोलीत नेटवर्क येत नाही. फोन करायचा तर गुणवंतरावांच्या घरापुढच्या सपरीत येऊन उभं राहावं लागतं. म्हणून ती तोंडातल्या तोंडात बोलते आणि मला दोनदा विचारावं लागतं.

आज आमच्या या बाईसाहेबांनी नवी मापं सांगितली. घर कमरेला बसलं पाहिजे, पण कुर्त्याच्या आतून. वरून दिसता कामा नये. एका हातानं उघडता आलं पाहिजे. बटण नको, त्याचा आवाज होतो.

"आवाज झाला तं काय बिघडते? बांबू काय पळून जाते?"

"आई, तू कर ना तसं."

"कुर्त्याच्या आत कोण सुरी ठेवते?"

मागून गुणवंतरावांचा आवाज आला, "वहिनी आहेत काय? नमस्कार सांग." मी म्हटलं, माझाही नमस्कार सांग. तिनं सांगितला नाही. नुसतं "ठेवतो" म्हणाली. एवढं वळण लावलं, कुठं गेलं सगळं? पूर्वी दोन वाक्यांत चारदा काका म्हणायची. आता त्यांचं नावही तोंडातून निघत नाही. नोकरी लागली की पोरींना अशी शिंगं फुटतात काय?

२१ जानेवारी

आज स्वतःवरच संतापले. दुसरा तुकडा नीट कापला. कोमट पाण्यात भिजवला, सुरीला प्लॅस्टिक गुंडाळून तिच्यावर दाबून बसवला. सुरीचा आकार असा उमटला की मी स्वतःच बघत राहिले. मग काय केलं? उन्हात टाकला. आमच्या घरात जे ओलं ते उन्हात जातं. मासे, जाळी, पापड, चादरी. हात आपोआप छपरावर गेले.

संध्याकाळी खाली काढला तर सुकवलेल्या मासोळीसारखा कडक आणि कडेनं वाकलेला. ओट्यावर आपटला तर टण्ण वाजला.

भाभीला नेऊन दाखवला. ती पोट धरून हसली. "अरे बाई, ये मच्छी है क्या, धूप में डालने को? सावलीत, सावलीत वाळवाचं. आणि दोन परतीच्या मधात एक पट्टी टाका. नाई तं छुरीची धार पयले तुमचा दोराच कापंल. मग घर बी गेलं आणि हात बी गेला."

मग पुन्हा चामडं दिलं. या वेळी इनायतभाईंनी स्वतः काढून दिलं. म्हणाले, "बेटीसाठी आहे तर मोटा घ्या."

२८ जानेवारी

रीताचा मेसेज आला आहे. नेहमीसारखा एकच ओळ.

"आई घराले आतून कडी नाई."

मी तीनदा वाचला. मग खरंच हात जोडले. आधी म्हणे बटण नको. आता म्हणे कडी पाहिजे. तीही आतून! सुरीच्या घराला आतून कडी? आत बसून ती सुरी लावणार आहे काय कडी? आणि अजून तर घर तयारही झालं नाही. न बघताच खोड काढते.

मी उत्तर टाकलं, "कडी नाही लागत त्याले. वरून पट्टी देतो मी. अंगठ्यानं सरकते. गप्प बस."

तिनं वाचलं. निळ्या खुणा दिसल्या.

इस्तारीला दाखवलं. तो जाळं विणत होता. म्हणाला, "पोरीचं डोकं फिरलं काय?" मला त्याचाही राग आला. माझ्या पोरीचं डोकं फिरलं म्हणायचा हक्क फक्त मला आहे.

३ फेब्रुवारी

आज भांडण झालं. लिहून ठेवते, कारण इस्तारी म्हणतो की चूक माझी आहे, आणि मला ते पटत नाही.

ती फोनवर म्हणाली, "आई, मले घर पायजे. लवकर."

मी म्हटलं, "करून राह्यली ना. चामडं वाळू दे. एकदा उन्हात टाकून वाया घालवलं. आता सावलीत ठेवलं आहे, वेळ लागते."

"ते नाई वो."

"मग कोणतं? तुले किती घरं पायजे?"

मागं भांड्यांचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाली, "काकू माहेरी गेली. पंधरवडा झाला."

गुणवंतरावांची बायको माहेरी गेली, तर त्याचा इथं काय संबंध? मी म्हटलं, "मग त्याईचं जेवणाचं पाहत जा ना. तुयासाठी एवढं करते तो माणूस."

त्यावर रीता हसली. मला ते हसणं आवडलं नाही. "तुले तो देवच वाटते ना," म्हणाली.

तो! गुणवंतरावांना तो! मी फोनवरच बरंच बोलले. ज्यानं नोकरी दिली, छप्पर दिलं, त्याच्याबद्दल असं बोलणारी पोर मी वाढवली नाही, असंही म्हटलं. बोलता बोलता लक्षात आलं की फोन कधीच बंद झाला होता.

मला ही फोन कापायची नाटकं कळत नाहीत असं वाटतं काय तिला? तिथं आलापल्लीत मैत्रिणी असतील, सिनेमा असेल. मी घासून घासून बोटं सोलून घेते आणि हिला माझ्या हाताच्या घराची किंमत नाही.

९ फेब्रुवारी

रीताचा फोन नाही. मीही केला नाही.

शिवण सुरू केली आहे. एकाच दोऱ्याला दोन सुया, एक इकडून आणि एक तिकडून, दोन्ही एकाच भोकातून. दोरा मेणात ओढला की हाताला चिकटतो. पहिले चार टाके मी जाळ्याची गाठ मारून घातले, हाताला तीच सवय. भाभीनं बघितलं आणि ते सगळे उसवायला लावले. "जाळ्याची गाठ ढिली पडाले असते, कुंताबाई. इथं ढिली पडली तं गेली." टाके वाकडे येतात, पण मजबूत येतात.

कमरपट्ट्याची फीत लावली आणि मग कळलं की उजव्या हातासाठी लावली. माप घेताना सुरी मी माझ्या हातात धरून बघितली होती. पोर डावखुरी, हे आईनं विसरावं! उसवून पुन्हा लावली. चामड्यावरची जुनी भोकं तशीच राहिली. त्यांच्याकडे बघून वाईट वाटत राहिलं. काय बिघडलं असतं मी फोन केला असता तर?

१३ फेब्रुवारी

फोन उशाशी ठेवून लिहिते.

आज दुपारी अंगणवाडी सुटल्यावर घर पूर्ण झालं. कडा पाणी लावून कापडानं घासल्या, तिळाचं तेल चोळलं. सुरी घातली तर सरळ आत गेली, उलटी धरली तर पडली नाही. वरची पट्टी अंगठ्यानं सरकते. आवाज नाही. मला इतका आनंद झाला की दाखवायला कोणी हवं होतं. इस्तारी तलावावर गेला होता.

मागच्या महिन्यात रीतानं एक गोष्ट सांगितली होती. ती मी तेव्हा इथं लिहिलीही नव्हती, इतकी मूर्खपणाची वाटली होती. म्हणाली होती, झोपल्यावर टोचू नये असं कर. मी म्हटलं होतं, झोपताना कोण सुरी बांधते? आज म्हटलं, बघू तरी. माझ्या कामात खोट नको.

साडीखाली परकराच्या नाडीवर घर बांधलं, डाव्या बाजूला, तिच्यासारखं. दार लोटलं, कडी लावली आणि खाटेवर आडवी झाले. टोचत नव्हतं. उजव्या कुशीवर वळले. डावा हात आपोआप कमरेवर आला, अंगठा पट्टीवर. आणि तशी पडल्या पडल्या माझी नजर समोर गेली. समोर दार होतं. दाराला आतून कडी होती.

मी उठून बसले.

घराला आतून कडी नाही.

घर. खोली. तिची खोली. तिच्या खोलीला आतून कडी नाही.

मेसेज उघडला. तिच्या ओळीखाली माझं उत्तर होतं. गप्प बस.

मग एकेक सगळं येत गेलं. कुर्त्याच्या आतून. आवाज नको. एका हातानं. मले घर पायजे. ते नाई वो. काकू माहेरी गेली. आणि मी काय म्हटलं? त्याच्या जेवणाचं बघत जा म्हटलं. मी, तिची आई.

फोन लावला. लागत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते.

१४ फेब्रुवारी

आष्टीपर्यंत गाडी धावली, पुढं खनिजाच्या ट्रकांच्या मागं रांगत गेली. धूळ, खड्डे, पुन्हा ट्रक. मी आयुष्यात कधी कोणत्या ड्रायव्हरवर ओरडले नव्हते. आज ओरडले. तो म्हणाला, "बाई, मी काय उडवू गाडी?"

केंद्रात न जाता आधी खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या बाजूला चौकटीला चार भोकं. कडी होती, ती कोणीतरी काढून घेतली होती. भोकांच्या कडेला लाकूड पांढरं होतं. ताजं. दाराला आतून रीतानं आपली पेटी लावून ठेवल्याच्या रेघा फरशीवर उमटल्या होत्या.

रीता केंद्रातून आली. मला बघून दारातच थांबली. सुरीचं घर तिच्या हातात दिलं. तिनं उलटंसुलटं बघितलं, जुन्या भोकांवरून बोट फिरवलं. मग तिथंच खाली बसली आणि रडली. मीही. बरंच काही सांगितलं तिनं. सगळं इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते. कडी गंजली म्हणून बदलतो, असं सांगून त्यानं काढली. मग पाणी मागायला यायचा. मग न विचारता यायचा. हात कापला तो बांबूनं नाही. उशीखालची उघडी सुरी घाईत उजव्याच हातानं उपसताना कापला.

"मले काऊन सांगतलं नाई?"

"सांगतलं ना आई. तुले सांगतलं."

आम्ही कपडे भरत होतो तेव्हा तो आला. इस्त्रीचा शर्ट. "वहिनी! न कळवता? चहा तरी..." मग पेटी दिसली. हसू तसंच ठेवून तो दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. "पोरीच्या मनात काहीतरी भरलं आहे वाटते. बसा, बोलू."

त्यानं सरकावं म्हणून मी पुढं होणार, तेवढ्यात रीता समोर गेली. तिनं सुरी बाहेर काढली नाही. तिचा डावा हात नुसता कमरेवर गेला, कुर्त्याच्या कडेखाली. अंगठा पट्टीवर असणार, मला कळलं. त्यालाही कळलं. त्यानं हात काढले आणि बाजूला झाला.

आम्ही दोघी त्याच्या समोरून पेटी घेऊन निघालो.

१७ फेब्रुवारी

इस्तारीला सगळं सांगितलं. मला वाटलं तो उठेल, कुऱ्हाड शोधेल, निदान शिवी देईल. तो जाळं विणत राहिला. मग म्हणाला, "तो मले दादा म्हणते." आणि पुन्हा विणू लागला. मी त्याच्या हातातून जाळं ओढून अंगणात फेकलं. तो उचलायला गेला नाही. दुपारभर ते तिथंच पडलं होतं.

आज केंद्रातून फोन आला. गुणवंतरावांनी तक्रार केली आहे. रीता कपड्यात हत्यार लपवून ठेवते, त्यांच्यावर तिनं सुरी उगारली, केंद्रातल्या मुली घाबरल्या आहेत. समिती बसणार आहे. तुम्ही या.

त्यानं! त्यानं तक्रार केली!

तासाभरात त्याचा इस्तारीला फोन. "दादा, मी मिटवून घेतो. पोरीची बदनामी नको. तिनं राजीनामा दिला की संपलं." इस्तारीनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला म्हणाला, "माहा पांढरा शर्ट धुतला आहे काय? समितीत यायचं आहे मले."

गिरजाबाईला कुठून कळलं कोण जाणे. कुंपणावरून म्हणाली, "जाऊ नको कुंता. पोरीचं लग्न व्हाचं आहे." बोलण्यासारखं तोंडात जे आलं ते शेजारणीला बोलण्यासारखं नव्हतं.

२० फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहिते. कोणी काय म्हटलं ते मला विसरायचं नाही.

केंद्राच्या मोठ्या खोलीत बसवलं. समितीचे दोन पुरुष आणि चंद्रपूरहून आलेल्या अध्यक्षबाई, हातमागाची साडी, गोड आवाज. केंद्रातल्या बाया मागं खाली बसल्या होत्या. इस्तारी पांढऱ्या शर्टात भिंतीला टेकून. गुणवंतराव समितीच्या बाजूच्या खुर्चीवर. त्यांना खुर्ची, आम्हाला सतरंजी.

रीतानं सुरी आणि घर दोन्ही स्वतःच टेबलावर ठेवलं.

गुणवंतरावांनी घर उचललं. "हे बघा मॅडम. बांबूच्या कामाला असं लागते काय? आतून बांधायचं. आवाज नाही. एका हातानं निघते. हे डोक्यात ठेवून करून घेतलेलं आहे. मी हिला मुलीसारखं मानलं आणि हिनं..." आवाज भरून आणला.

अध्यक्षबाईंनी घर हातात घेतलं. पट्टी सरकवून बघितली. "हे कुठून आणलंत?"

रीता बोलण्याआधी मी उठले. "मी केलं."

"तुम्ही?"

"हो. पहिल्यांदाच केलं. टाके वाकडे आहेत. या साहेबांचं बरोबर आहे, बांबूच्या कामाला असं घर लागत नाही. माझी पोर मला एकेक सांगत गेली. कुर्त्याच्या आतून बांधता यावं. आवाज होऊ नये. झोपल्यावर टोचू नये. मी तिला रागावत गेले आणि करत गेले. आता तुम्हीच सांगा मॅडम, तुमच्या केंद्रातल्या शिक्षिकेला झोपताना सुरी कशाला लागते? मला विचारू नका. ज्यांच्या खोलीत ती झोपायची त्यांना विचारा. दाराची कडी कुठं आहे, तेही विचारा."

गुणवंतराव म्हणाले, "कडी गंजली होती, मॅडम."

"मग भोकाभोवतीचं लाकूड पांढरं कसं? गंजलं असतं तर डाग राहिला असता."

मागं कोणीतरी श्वास सोडला.

अध्यक्षबाई घर खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघा कुंताताई, भावना समजतात. पण नात्यातला विषय आहे. कुठंतरी दोन्ही बाजूंनी गैरसमज झाला असण्याची शक्यता..."

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. आवाज अगदी साधा निघाला.

"गैरसमज झाला मॅडम, पण तो मला झाला. मी तिची आई, आणि पोर घर म्हणत होती ते मला कळलं नाही. यांना कोणताच गैरसमज झाला नाही. कडी काढायची तेव्हा यांना सगळं नीट समजत होतं."

इस्तारी भिंत सोडून पुढं आला आणि रीताच्या शेजारी सतरंजीवर बसला, गुणवंतरावांकडे तोंड करून. ते दुसरीकडे बघायला लागले.

केंद्रात स्वयंपाक करणारी अंजनाबाई चहा घेऊन आली होती. एकेक कप ठेवत ती गुणवंतरावांपर्यंत पोचली. तिथं थांबली. कप ठेवला नाही. ट्रे तसाच हातात धरून वळली, अध्यक्षबाईंच्या समोर येऊन उभी राहिली. कप एकमेकांवर वाजत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "त्या खोलीत पयले माही सून राहत होती. मले बी सांगाचं आहे."